काटेसाहेब हिप-हॉपची कॅसेट भरतात

काटेसाहेबांचा उजवा हात आठ महिन्यांनी डोक्याच्या वर गेला तो बुधवार होता. आणि वर गेल्या गेल्या त्या हाताने पहिली गोष्ट काय केली असेल, तर गुन्हा.

गुन्हा हा शब्द साहेबांचाच. तुम्ही-आम्ही फार तर नासधूस म्हणू. पण साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक. तीस वर्षं दुकानादुकानांतले तराजू तपासण्यात गेलेली, त्यामुळे त्यांच्या जगात गोष्टींचे दोनच प्रकार उरले होते: बरोबर आणि गुन्हा. 'काटेसाहेब' हे नावही बाजारानेच दिलेलं. तराजूच्या काट्याच्या रेषेत डोळा आणून, श्वास रोखून ते असे काही उभे राहायचे की समोरच्या दुकानदाराने काही केलेलं नसलं तरी त्याला घाम फुटायचा. घरी चहात साखर कमी पडली तर 'साखर कमी आहे' असं ते कधी म्हणाले नाहीत. 'पाऊण चमचा आहे' असं म्हणायचे. त्यावर त्यांच्या बायकोने तीस वर्षांत काय काय उत्तरं दिली असतील ती दिली असतील, आपण नवरा-बायकोच्या मध्ये पडायला नको.

तर अशा माणसाचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. थांब्यावर बसला हात करायचा तर डावा करावा लागे, आणि डाव्या हाताला बसवाले थांबत नाहीत असा साहेबांचा अनुभव होता. डॉक्टरांनी त्यांना सरकारी दवाखान्याच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीपलीकडे, व्यायामाच्या खोलीत धाडलं. तिथे होत्या फिजिओबाई. बुटक्या, पायात कापडी बूट, आवाज खणखणीत, आणि दुखणेकऱ्याची तक्रार ऐकतानाही चेहरा असा की जणू तो काही आनंदाची बातमी सांगतोय.

खोलीत भिंतीला लाकडी शिडी, छताला कप्पी आणि तिच्यावरून सोडलेली दोरी, चालायला शिकायचे दोन दांडे, आणि कोपऱ्यात उंच फळीवर बाईंचा स्वतःचा जुना टेपरेकॉर्डर. बाईंचा नियम असा, की खांद्याच्या माणसाने त्या फळीपर्यंत आपला हात आपण न्यायचा, कॅसेट काढायची, उलटी करून परत घालायची. ते जमलं की सुट्टी. "सर्टिफिकेट-बिर्टिफिकेट मी देत नाही," बाई म्हणायच्या, "टेप उलटा आणि घरी जा."

आणि टेपवर काय, तर हिप-हॉप. तेही आजकालचं नव्हे. बाई होस्टेलवर राहत होत्या तेव्हा मैत्रिणीने भरून दिलेली कॅसेट. त्या संगीताचा सुवर्णकाळ का काय म्हणतात तेव्हाची. एकाहून एक दणदणीत ठेके, आणि त्यांवर अखंड बोलणारी माणसं.

पहिल्या दिवशी साहेब दोरी धरून उभे होते. त्यांनी विचारलं, "हे कोण भांडतंय?"

"भांडत नाहीत हो, गातायत."

"मग सूर कुठे आहे?"

"सुराचं तुम्हाला काय करायचंय? ठेका आहे ना? ठेक्यावर हात वर न्यायचा, ठेक्यावर खाली आणायचा. आणि मोजू नका. तुम्ही मोजायला लागलात की दुखणंच मोजत बसता."

मोजू नका! काटेसाहेबांना! अहो, माशाला कुणी पोहू नको म्हणतं का? साहेब दोन दिवस घुश्शात होते. तिसऱ्या आठवड्यात मात्र त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. टेपवरचा गडी जे काय बोलत होता त्यातला शब्द कळत नव्हता. पण एका मापात तो गडी इतके शब्द भरायचा, इतके भरायचा, की आता सांडणार असं वाटावं, आणि नेमकं ठेक्याच्या कडेशी येऊन थांबायचा. एक शब्द सांडत नसे. एक कमी पडत नसे. तीस वर्षांत साहेबांनी इतकं काठोकाठ, इतकं चोख माप कुठल्याच दुकानात पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून ते दोरी ओढताना डोळे मिटून घ्यायला लागले, आणि बाईंना वाटलं की यांना फार दुखतंय.

असे आठ महिने गेले. मग तो बुधवार. साहेबांचा हात कानाशी गेला, कानावरून वर गेला, फळीला लागला. खोलीतले गुडघेवाले आजोबा आणि कंबरवाल्या मावशी आपापले व्यायाम सोडून बघायला लागले. साहेबांनी कॅसेट काढली, उलटी केली, घातली आणि आनंदाच्या भरात एकाच वेळी दोन बटणं दाबली. आतून 'खर्रर्र' असा आवाज आला. टेपरेकॉर्डरने ती वीस-पंचवीस वर्षांची टेप कचाकचा चावली आणि काळ्या दोऱ्याचा गुंता करून बाहेर ओकली. ती दोन ठिकाणी तुटली होती.

साहेबांचा चेहरा असा झाला की मावशींनी खुर्ची पुढे केली. बाई मात्र हसत सुटल्या. "अहो, हात पोचला की नाही? मग! टेप काय, आज ना उद्या जायचीच होती. बरोबर वेळेवर गेली. माझाही इथला शनिवार शेवटचाच आहे. आमच्या ह्यांची बदली झालीय."

आता खरी अडचण इथे आहे, ती समजून घ्या. काटेसाहेबांनी जन्मात कुणाचे आभार मानले नव्हते. माणूस कृतघ्न नव्हता. सवय नव्हती, एवढंच. बाजारात त्यांनी कुणा दुकानदाराला 'आभारी आहे' म्हटलं असतं तर तिसऱ्या दिवशी खात्याने चौकशी लावली असती. त्यामुळे ते वाक्य कधी तोंडाला आलंच नाही. घरी परतताना बसच्या थांब्यावर त्यांनी मनात दोन-तीनदा म्हणून पाहिलं. ते दंडाच्या नोटिशीसारखं ऐकू येत होतं. बाई शनिवारी चालल्या. न बोलता त्यांना जाऊ द्यायचं तर साहेबांना पुढे आरशात बघता आलं नसतं. म्हणून त्यांनी ठरवलं की बोलायचं नाही, द्यायचं. तशीच कॅसेट, तीच गाणी, नवी भरून, शनिवारी सकाळी बाईंच्या हातात. हातात दोन दिवस होते. दोन दिवसांत काय, एक कॅसेट तर भरायची!

हे 'एक कॅसेट तर भरायची' वाक्य ज्याने म्हटलं तो बुडाला.

बुधवारी संध्याकाळी साहेबांनी मुलीला समोर बसवलं. मुलगी कॉलेजात शिकवते, तिला जगातलं सगळं संगीत ठाऊक, निदान फोनला तरी ठाऊक. ती उडालीच. "बाबा, तुम्ही हिप-हॉप ऐकता?"

"ऐकत नाही. करतो. रोज दहा-दहाचे तीन."

पण गाण्यांची नावं साहेबांना कुठे माहीत? एकच उपाय होता. ते खोलीच्या मध्ये उभे राहिले, तोंडाने 'धुम टाक, धुधुम टाक' करत उजवा हात कप्पीच्या व्यायामासारखा वरखाली करू लागले. बायको स्वयंपाकघरातून आली ती दारातच थबकली. "अगं, यांना काय होतंय?" म्हणत तिने शेजारच्या मास्तरांना हाक मारली. मास्तर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. हाक मारली नाही तरी येतात, मारल्यावर काय विचारता. ते पाण्याचा तांब्या घेऊनच आले. साहेबांना खुर्चीत बसवून, पाणी पाजून, नाडी बघून झाल्यावर त्यांना प्रकार सांगावा लागला.

"असं होय," मास्तर म्हणाले आणि उठायच्या ऐवजी नीट मांडी घालून बसले. "मग आता हे शास्त्रशुद्ध झालं पाहिजे."

मुलगी फोनवर एकेक गाणं लावायची आणि साहेब डोळे मिटून हात हलवून बघायचे. "हे नाही. यात तो मध्येच दम घेतो. आमचा घेत नाही." "हेही नाही. यावर खांदा चालत नाही, यावर गुडघा चालतो. हे आजोबांचं." "हं! हे! हे बरोबर, याला कोपर मागे!" असं करत करत नऊ वाजेपर्यंत चौदा गाणी सापडली. मास्तरांनी त्यातलं एक पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकलं आणि अभिप्राय दिला: "पाठांतर चांगलं आहे."

मग सल्ले सुरू झाले. मास्तरांचं म्हणणं, सुरुवातीला चार शब्दांचं निवेदन हवं, आणि ते कुणी करावं हा प्रश्न असेल तर त्यांचा आवाज अजून शाबूत आहे. बायकोचं म्हणणं, चौदाच्या चौदा तसलीच कशाला, मधे एखादं ऐकण्यासारखं घाला, बाईंच्याही जिवाला विसावा. मुलीचं म्हणणं, कॅसेट कशाला, फोनवर पाठवून देते, दोन मिनिटांचं काम. यावर साहेब इतके शांतपणे "बाईंच्या मशीनला फोन बसत नाही" असं म्हणाले की मुलीने फोन खाली ठेवला. मग ती उठली आणि तिने गाण्यांची यादी स्वतःच्या अक्षरात सुंदर लिहून काढली. त्या यादीवर साहेबांनी प्रत्येक गाण्यापुढे मिनिटं आणि सेकंद लिहिले.

गुरुवारी सकाळी साहेब कोरी कॅसेट शोधायला बाजारात गेले. आता विचार करा: वजनमापे खात्याचा निरीक्षक, अंगात इस्त्रीचा शर्ट, काखेत चामड्याची बॅग, दुकानात शिरून खालच्या आवाजात विचारतोय, "कोरी कॅसेट आहे का?" जो तो हादरला. "नाही साहेब, आमच्याकडे तसलं काही नसतं." "साहेब, आम्ही बंद केलं ते, केव्हाच बंद केलं." एकाने तर काही न विचारता वजनं काढून काउंटरवर ओळीने मांडली. अकरा दुकानं झाली. एकाही दुकानदाराचा विश्वास बसला नाही की साहेबांना खरोखरच कॅसेट हवीय, आणि साहेबांच्या तीस वर्षांच्या चोख नोकरीचं हे फळ त्यांना बस थांब्यावर फार लागलं.

मग त्यांना आठवलं की कॅसेटी त्यांच्याच कार्यालयात आहेत. कधीकाळी सुनावणीत जबाब नोंदवायला घेतलेल्या, पाकीटसुद्धा न फोडलेल्या पाच कॅसेटी भांडारात पडून होत्या. भांडारपाल हा साहेबांच्याच वयाचा, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधणारा गृहस्थ. त्याने रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि मान हलवली.

"देता येणार नाही, साहेब. या निरुपयोगी ठरल्यात. ठराव झालाय. नष्ट करायच्यात."

"मग एक मला द्या ना. नष्ट करायचीच आहे तर."

"देता येणार नाही म्हणतोय ना. नष्ट करता येईल."

साहेबांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने एक कॅसेट खिशात टाकली असती आणि भांडारपालाने खिडकीबाहेर पाहिलं असतं. पण साहेबांनी आयुष्यात कुणाच्या दुकानातला शेंगदाणासुद्धा तोंडात टाकला नव्हता. ते निराश होऊन खुर्चीत बसले आणि बसताना, नकळत, उजव्या हाताने त्यांनी मानेमागचा घाम पुसला. भांडारपाल बघतच राहिला.

"साहेब, तुमचा तो हात वर जातो?"

"कालपासून."

"दवाखान्यातल्या बाई?" भांडारपालाने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "माझी कंबर त्यांनीच उभी केली. दोन वर्षं मी वाकून चालायचो, जमिनीवर पडलेलं सगळं मला सापडायचं. त्यांच्यासाठी हवीय ही?"

साहेबांनी मान हलवली. भांडारपालाने रजिस्टरातल्या ठरावावर पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाला, "नष्ट करण्याची पद्धत ठरावात लिहिलेली नाही. जाळायची की चिरडायची ते नष्ट करणाऱ्यावर आहे. आता मला सांगा, कोरी कॅसेट भरली तर ती कोरी राहते का? नाही राहत. म्हणजे रजिस्टरातली कोरी कॅसेट संपली की नाही?"

टिपण तयार झालं. नग एक. पद्धत: इतर. इतरचा तपशील: ध्वनिमुद्रण करून. ते मोठ्या साहेबांकडे गेलं. मोठ्या साहेबांनी दोनदा वाचलं, काटेसाहेबांकडे वर पाहिलं आणि विचारलं, "कसलं ध्वनिमुद्रण?"

खोटं बोलणं साहेबांना येत नव्हतं. "हिप-हॉप," ते म्हणाले.

मोठ्या साहेबांनी टिपण तिसऱ्यांदा वाचलं. मग त्यांनी टिपणावर शेरा मारला: 'नष्ट करणे पूर्ण होईल याची खात्री करावी.' आणि सही केली.

शुक्रवारी साहेबांनी अर्धी रजा टाकली आणि ते रेडिओवाल्याकडे गेले. जिन्याखाली कोंबलेलं अर्धं दुकान, आत सगळीकडे पोटं उघडी टाकलेले रेडिओ, आणि मध्ये एका डोळ्याला भिंग लावलेला म्हातारा. गावात कॅसेट भरणारं मशीन उरलं होतं ते याच्याकडेच. म्हाताऱ्याने त्यावरची धूळ फुंकली. "बऱ्याच वर्षांनी चालवतोय," तो म्हणाला. "हवं तर आधी तपासून घ्या."

तपासायला सांगितल्यावर साहेबांना आणखी काय हवं! त्यांनी बॅगेतून खात्याचं स्टॉपवॉच काढलं. कॅसेटवर छापलं होतं साठ मिनिटं, म्हणजे एका बाजूला तीस. छापलं असेल, छापायला काय लागतं? कमी भरणार याची साहेबांना खात्रीच होती, तीस वर्षांत छापल्याइतकं त्यांना कुठे मिळालं होतं? त्यांनी कोरी कॅसेट लावली, बटण दाबलं आणि घड्याळाकडे डोळे लावून बसले. अठ्ठावीस मिनिटं झाली. तीस झाली. टेप चालूच. एकतीस. टेप चालूच. बत्तीस मिनिटं आणि पाच सेकंदांनी 'खट' झालं.

साहेबांनी दुसरी बाजू लावली. बत्तीस मिनिटं, पाच सेकंद.

काटेसाहेब उभे राहिले. डोळ्यांत पाणी तरळलं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. तीस वर्षं! हजारो दुकानं! आणि पहिल्यांदा त्यांना असा माल भेटला होता जो छापल्यापेक्षा जास्त देत होता. कुणीतरी, कुठल्यातरी कारखान्यात, गुपचूप, न सांगता, प्रत्येक बाजूला दोन मिनिटं जास्त घातली होती. साहेब तिथेच कागद काढून त्या कंपनीला प्रशंसापत्र लिहायला बसले. म्हातारा मशीनचं मागचं झाकण काढून तेल घालत, आपल्याशीच बोलल्यासारखा सांगत होता की मोटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं, त्यातला स्क्रू फिरवला की वेग कमी-जास्त होतो, आणि पट्टा जुना झाला की मशीन आळसावतं. साहेब 'हो हो' म्हणत होते. 'आपल्या प्रामाणिकपणाने' इथपर्यंत पत्र आलं होतं.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्याही आलं. नव्या निरीक्षकांना प्रशिक्षण देताना काटेसाहेब फळ्यावर पहिलं वाक्य लिहायचे ते हे: आधी तराजू तपासा, मग माल. कारण खोटा तराजू खऱ्या मालालाही खोटं ठरवतो. हे वाक्य त्यांनी शंभरदा लिहिलं असेल. पण कुणी कमी देतंय या संशयाने माणूस जसा डोळे उघडे ठेवतो तसा कुणी जास्त देतंय या आनंदाने ठेवत नाही. कॅसेट बरोबर होती. मशीन आळसावलं होतं.

उरलेल्या जागेत आणखी एक गाणं बसलं. मुलीकडून मागून आणलेला फोन तारेने मशीनला जोडला आणि कॅसेट भरायला सुरुवात झाली. आता कॅसेटीचं एक असतं, ती ऐकायला जितका वेळ लागतो तितकाच भरायला लागतो. घाई करता येत नाही. म्हातारा पहिल्या तीन गाण्यांतच पेंगायला लागला. साहेब मात्र स्टुलावर ताठ बसून होते, गाणं बदललं की यादीवर खूण करत. दुसऱ्या गाण्याला त्यांना आठवलं की मार्चमध्ये याच गाण्यावर ते चिडून 'नाही जमणार' म्हणाले होते आणि बाई काही न बोलता शेजारी उभ्या राहून स्वतः तोच व्यायाम करत राहिल्या होत्या, पूर्ण गाणंभर, समोर अकरा माणसं खोळंबलेली असताना. पाचव्या गाण्याला आठवलं की बाईंनी त्यांना एकदाही 'अजून किती वेळ लागणार' असं विचारलं नव्हतं. ते फक्त साहेबच विचारत होते. भर दुपारी त्या जिन्याखाली साहेबांना एकदम फार बरं वाटलं. कॅसेट परत लावून ऐकली. त्याच मशीनवर भरलेली, त्याच मशीनवर ऐकलेली. अगदी चोख वाजली.

शनिवारी दहा वाजता साहेब दवाखान्यात पोचले. बरोबर बायको होती. मुलीला कॉलेज होतं, तिने यादी पुन्हा स्वच्छ लिहून पाठवली होती. मास्तरांना कुणी बोलावलं नव्हतं, त्यामुळे तेही होते. खोलीत बाईंची खोकी बांधून ठेवलेली, टेपरेकॉर्डर तेवढा अजून फळीवर. गुडघेवाले आजोबा, कंबरवाल्या मावशी आणि आणखी सात-आठ जण जमलेले. साहेबांनी खिशातून कॅसेट काढून बाईंपुढे धरली. बाईंनी यादी वाचली, एकेक नाव वाचताना त्यांचे डोळे मोठे होत गेले. "अहो साहेब! हीच! हीच होती सगळी! कसं शोधलंत?"

साहेब फळीकडे वळले. त्यांनी हात वर केला, कॅसेट घातली आणि या वेळी एकच बटण दाबलं.

सगळे जण शिस्तीत उभे होते. शेवटचा एक व्यायाम सगळ्यांनी मिळून करायचा असं ठरलेलं. गाणं सुरू झालं आणि पळतच सुटलं. ठेका जणू गाडी चुकेल म्हणून धावत होता, आणि त्यावर बोलणारा तो भारदस्त आवाजाचा गडी बारीक, चिरक्या आवाजात, कुत्रं मागे लागल्यासारखा बोलत सुटला होता. मंडळी सवयीने ठेका धरायला गेली. आजोबांचा गुडघा मागे राहिला आणि आजोबा पुढे गेले. मावशी वाकल्या, उठेपर्यंत पुन्हा वाकायची वेळ झाली. "अगं बाई, त्याला जरा हळू सांगा की!" त्या ओरडल्या. मास्तर भिंतीला टेकून गंभीरपणे म्हणाले, "पाठांतर फारच पक्कं झालंय."

बाई हसून हसून खोक्यावर बसल्या. अख्खी खोली हसत होती. एकटे काटेसाहेब हसत नव्हते. त्यांनी घड्याळात पाहिलं, गाणं संपेपर्यंत थांबले आणि पुन्हा पाहिलं. चार मिनिटं दहा सेकंदांचं गाणं तीन मिनिटं त्रेपन्न सेकंदांत आटपलं होतं. त्यांनी मनात भागाकार केला. तो थेट जिन्याखालच्या बत्तीस मिनिटांवर गेला, आणि साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाई," ते म्हणाले, "माप चुकलं. भरणारं मशीन हळू चालत होतं, म्हणून टेप इथे पळतेय. मी ते तपासलं नाही. आधी तराजू तपासायचा असतो, मी तपासला नाही."

"अहो राहू दे हो, मजा आली! मी अशीच ऐकेन."

"नाही," साहेब म्हणाले. "तुम्हाला मी चुकीचं माप देणार नाही."

पुन्हा भरायला वेळ नव्हता. बाईंची गाडी दुपारची. साहेबांनी बॅग उघडली आणि तराजू तपासायला लागणारा बारीक स्क्रूड्रायव्हर काढला. टेपरेकॉर्डर खाली घ्या, असं तीन जणांनी सांगितलं. "खाली घेतला तर वायर पुरत नाही," साहेब म्हणाले, आणि ते खरंही होतं. त्यांनी मागचं झाकण काढलं. मोटरच्या पाठीला बारीक भोक होतं, अगदी म्हाताऱ्याने सांगितलं तसंच. स्क्रू केसभर फिरवला. गाणं पहिल्यापासून लावलं. डावा हात घड्याळावर, उजवा हात वर, स्क्रूवर.

मास्तरांना राहवेना. "साहेब, मशीन तर बाईंचं बरोबर आहे ना? मग बरोबर असलेलं मशीन तुम्ही मुद्दाम चुकीचं करताय. हा तुमच्या हिशेबाने गुन्हा नाही का?"

"आहे," साहेब स्क्रूवरची नजर न हलवता म्हणाले. "कलमासकट सांगू शकतो."

पहिल्या खेपेला चार मिनिटं दोन सेकंद. केसभर आणखी. दुसऱ्या खेपेला चार मिनिटं सात. आजोबा काठीवर हनुवटी ठेवून बघत होते. हळूहळू गाण्याची धाव कमी होत होती, आवाज भरत होता, तो गडी पुन्हा पूर्वीसारखा ऐटीत बोलायला लागला होता. तिसरी खेप. साहेबांनी श्वास रोखला होता, डोळा वर स्क्रूवर खिळलेला, थेट तराजूसमोर उभे राहत तसे. चार मिनिटं दहा सेकंद. खट.

"साहेब," बाई हळूच म्हणाल्या, "हात दुखतोय का?"

"कुठला?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी नुसतं वर बोट दाखवलं. साहेबांनी मान वर करून पाहिलं. उजवा हात डोक्याच्या वर होता. त्यांनी डाव्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, आणि मग पुन्हा त्या हाताकडे, कुणा दुसऱ्याचा असावा तसं. गाणं मोजण्याच्या नादात दुखणं मोजायचं राहूनच गेलं होतं.

त्यांनी सावकाश हात खाली आणला, गाणं पुन्हा सुरू केलं आणि बाईंकडे वळले. "बाई, आता या मशीनवर जगातली दुसरी कुठलीही टेप बरोबर वाजणार नाही. ही एकच वाजेल."

"दुसरी हवीय कुणाला?" बाई म्हणाल्या.

इथे साहेब थांबले असते तरी चाललं असतं. कॅसेट दिली होती, काम झालं होतं. पण त्यांनी रुमाल काढला, परत ठेवला, घसा खाकरला. बायकोने ओळखलं की काहीतरी होतंय आणि तिने मास्तरांच्या बाहीला धरून त्यांचं तोंड आधीच बंद केलं.

"बाई," साहेब म्हणाले, "मी सकाळी माझा शर्ट माझा मी घालतो."

साहेबांनी बायकोकडे बोट केलं.

"आधी ही घालायची. बाही धरून, लहान मुलाला घालतात तसा. मी रोज तिच्यावर ओरडायचो. आता मी माझा घालतो, आणि वरचं बटण लावताना रोज, अगदी रोज, मला तुमची आठवण होते. तुमचे आभार, बाई. फार आभार."

"खरंच घालतात हो," बायको डोळे पुसत म्हणाली, "आणि ओरडतही नाहीत."

सगळे हसले. बाईंनाही हसायचं होतं, पण त्यांना ते जमेना. त्या पुढे आल्या, त्यांनी साहेबांचा तो उजवा हात दोन्ही हातांत धरला, आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही.